सगळ्यात जवळचं गाव कोणतं?

सलाम ताई.

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. तुमचे आजी-आजोबा आणि एक आत्या किल्लारीच्या भूकंपात गेले. आता तुमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, उपास-प्रार्थनेला बाहेरून आलेल्या एका वक्त्याने सांगितलं की भूकंप, दुष्काळ, गारपीट हे सगळं मराठवाड्याच्या भूमीवर सांडलेल्या निर्दोष रक्ताबद्दलची देवाची शिक्षा आहे. तुम्ही विचारता, हे शास्त्राला, म्हणजे बायबलला, धरून आहे का? देव अख्ख्या देशाचा न्याय करतो का? आणि करत असेल तर त्यात माझ्या आजीचा काय दोष?

जालना, लातूर आणि बीड या तीन जिल्ह्यांत मिळून मी तीस वर्षांहून जास्त काळ पाळक म्हणून सेवा केली. हा प्रश्न मला अनेकदा विचारला गेला, आणि बहुतेक वेळा कबरीच्या कडेला. म्हणून उत्तर आधी देतो, मग उलगडतो. देव राष्ट्रांकडून निर्दोष रक्ताचा हिशेब घेतो, हे शास्त्र उत्पत्ती या पहिल्या पुस्तकापासून प्रकटीकरण या शेवटच्या पुस्तकापर्यंत सांगतं आणि मी ते मनापासून मानतो. पण तुमच्या आजीच्या अंगावर भिंत पडली ती त्या हिशेबापोटी, असं म्हणण्याचा अधिकार त्या वक्त्याला नाही, मलाही नाही. प्रभू येशूने तो आपल्या हातून काढून घेतलेला आहे.

आजीपासूनच सुरुवात करतो. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी झालेली, लोक गणपती बोळवून उशिरा निजलेले, आणि पहाटे चारच्या सुमाराला जमीन हलली. मी तेव्हा सेवेत नवा होतो. आमच्या मंडळीतले आम्ही काहीजण चादरी, ज्वारीचं पीठ आणि फावडी घेऊन टेम्पोने गेलो. एका घराचा ढिगारा उपसताना मला लाकडी पाट सापडला. गणपती उठवून नेलेला, पाट रिकामा, पण त्यावरचं हळदीकुंकू आणि अक्षता धुळीखाली तशाच होत्या. त्या घरातली माणसं पाटापासून हातभर अंतरावर होती. दुपारी एक जीप आली. कर्ण्यावरून कोणीतरी ओरडून सांगत होतं की हा मूर्तिपूजेवरचा कोप आहे, आता तरी शुद्धीवर या. ढिगाऱ्यावर बसलेला एक म्हातारा मान खाली घालून ते ऐकत होता. मी फावडं हातात धरून गप्प उभा राहिलो. त्या गप्प राहण्याची क्षमा मी अजून मागतो आहे.

माणसं कशाने मेली ते तिथे डोळ्यांना दिसत होतं. दगड आणि मातीच्या दोन-अडीच फूट जाड भिंती, त्यांना बांधून ठेवणारं काही नाही, आणि वर माळवद. पावसात गळू नये म्हणून दरसाल त्यावर मातीचा थर चढवलेला. बापाने चढवला, आज्याने चढवला. ते सगळं ओझं झोपेत अंगावर आलं. कुडाच्या झोपड्या मात्र पुष्कळ ठिकाणी तगल्या. ज्याला चार पैसे जमले आणि ज्याने घर जाड बांधलं, तो दबला. यात पापाचा हिशेब कुठे शोधायचा?

लूककृत शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय काढा. लोकांनी येशूला बातमी आणली की रोमी सुभेदार पिलाताने काही गालीलकरांना मारून त्यांचं रक्त त्यांच्याच यज्ञात मिसळलं. नीट पाहा, ही निर्दोष रक्ताचीच बातमी आहे, आणि मारणारं सरकार आहे. येशू त्यात आपण होऊन दुसरी घटना जोडतो: शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेली ती. एक खून, एक अपघात. आणि दोन्हींबद्दल तो एकच विचारतो: हे लोक बाकीच्यांपेक्षा जास्त पापी होते असं तुम्हाला वाटतं का? स्वतःच उत्तर देतो: नाही. मेलेल्यांकडे दाखवलेलं बोट तो खाली करतो आणि म्हणतो, तुम्ही पश्चात्ताप केला नाही तर तुमचाही नाश होईल. म्हणजे न्याय आहे. पण त्याची नोटीस मेलेल्यांच्या नावाने निघत नाही, ऐकणाऱ्यांच्या नावाने निघते. तुमच्या आजीचा काय दोष, याचं उत्तर प्रभूच्या तोंडून आलेलं आहे ताई. आम्हा बाकीच्यांपेक्षा जास्त काहीच नाही.

आता दुसऱ्या भागाकडे येतो, कारण पहिल्या भागावर थांबलं तर लोक समजतात की देव रक्ताकडे कानाडोळा करतो.

काइनाने हाबेलाला शेतात मारलं तेव्हा कोणी पाहिलं नव्हतं. देव म्हणाला, तुझ्या भावाचं रक्त भूमीतून माझ्याकडे ओरडत आहे. त्याच ठिकाणी पुढे आहे की तू मशागत केलीस तरी ही भूमी तुला आपलं सत्त्व देणार नाही. गणना या पुस्तकाच्या पस्तिसाव्या अध्यायात मोशेला सांगितलं आहे की रक्त देशाला विटाळवतं. स्तोत्र १०६, यशयाचा पहिला अध्याय, यिर्मया, यहेज्केल, सगळीकडे हाच सूर आहे. शास्त्रात खून ही फक्त मारणारा आणि मेलेला यांच्यातली गोष्ट नसते. तिसरी एक असते, जमीन. शेतकऱ्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. तो जमिनीला आई म्हणतो, आणि आईने काय गिळलं ते आईला कळतं.

आणि हा कायदा फक्त इस्राएलाला लागू नाही. संदेष्टा आमोस हा तकोवा गावचा मेंढरं राखणारा, उंबराच्या झाडांची निगा करणारा माणूस. त्याच्या पुस्तकाचे पहिले दोन अध्याय मोठ्याने वाचा. दिमिष्काने, म्हणजे दमास्कसने, गिलादाला लोखंडी यंत्रांखाली मळलं. ज्यांनी खळ्यावर मळणी पाहिली आहे त्यांना त्या एका शब्दाने काटा येतो. गज्जाने गावंच्या गावं धरून गुलाम म्हणून विकली. अम्मोन्यांनी आपली शीव वाढवायला गर्भार बायांची पोटं फाडली. मवाबाने अदोमाच्या राजाची हाडं जाळून त्यांचा चुना केला. यातल्या एकाकडेही मोशेचं नियमशास्त्र नव्हतं, तरी देव त्यांना जाब विचारतो. आणि मवाबाचा गुन्हा तर अदोमाविरुद्ध होता, देवाच्या प्रजेविरुद्ध नव्हताच. म्हणजे दोन परक्यांमधल्या क्रूरपणाचाही हिशेब देव ठेवतो.

आमोस हे बोलत असताना ऐकणारे माना डोलावत असणार. शेजाऱ्यांची पापं ऐकायला कोणाला आवडत नाही! पण संदेशाचा फास आवळत जातो. दिमिष्क, गज्जा, सोर, अदोम, अम्मोन, मवाब, मग यहूदा, आणि शेवटी ज्यांच्यापुढे तो उभा आहे ते इस्राएल. तुम्ही नीतिमानाला रुप्यासाठी विकलंत आणि गरिबाला एका जोड्याच्या किमतीत. राष्ट्रांच्या न्यायाबद्दल बोलणारा माणूस खरा की खोटा हे ओळखायला मी हीच खूण वापरतो. त्याचं बोट शेवटी कुठे येऊन थांबतं? खरा संदेष्टा स्वतःच्या अंगणात येऊन थांबतो. दुसरी खूण, तो रडतो का? यिर्मया रडला. येशूने यरुशलेमेच्या नाशाचं भाकीत केलं तेव्हा शहर बघून तो रडला, आणि ४० वर्षांच्या आत, इ.स. ७० मध्ये, रोमी सैन्याने ते शहर जाळलं. तुमच्याकडे आलेल्या वक्त्याच्या डोळ्यांत पाणी होतं का, हे तुम्हालाच माहीत.

पण दुष्काळाचं काय? दुसऱ्या शमुवेलाच्या एकविसाव्या अध्यायात तर दुष्काळ रक्तामुळेच पडला होता, असं तुम्हाला कोणी म्हणेल. बरोबर आहे. म्हणून तो अध्याय सावकाश वाचायला हवा.

तीन वर्षं ओळीने दुष्काळ. इस्राएलाचा राजा दावीद कारण ठरवून मोकळा होत नाही, तो देवाला विचारतो. उत्तर येतं की आधीचा राजा शौल याने गिबोन्यांना मारलं. हे गिबोनी कोण? परके. यहोशवाच्या काळात त्यांना शपथेवर अभय दिलेलं, आणि लाकडं फोडायला, पाणी भरायला ठेवलेले. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर गावकीची कामं करणारे, गावकुसाबाहेरचे. त्यांना मारणारा आपलाच राजा, तोही राष्ट्राच्या आवेशाने पेटून मारणारा. आणि देव उभा राहतो गिबोन्यांच्या बाजूने. तो राजा मेला, त्याच्या जागी दुसरा आला, तरी शपथ मोडल्याचा गुन्हा देशाच्या खात्यावर राहिला.

पुढचं वाचताना मला दर वेळी त्रास होतो, तो लपवत नाही. शौलाच्या घराण्यातले सातजण फाशी दिले जातात. बापाच्या पापासाठी लेकरांना मारू नका, असं नियमशास्त्रातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात स्पष्ट लिहिलेलं असताना. त्या सातांपैकी दोघे शौलाची उपपत्नी रिस्पा हिचे मुलगे. ती गोणपाट घेऊन खडकावर बसते. जवाच्या कापणीच्या सुरुवातीपासून आभाळातून पाणी पडेपर्यंत ती दिवसा पाखरांना आणि रात्री जनावरांना हाकलत राहते. उन्हाळा पूर्ण त्या प्रेतांपाशी. तिच्या तोंडी अध्यायात एक शब्द नाही. दावीदाच्या कानावर ते जातं, तेव्हा कुठे तो हलतो, शौल आणि त्याचा मुलगा योनाथान यांच्या अस्थी आणवतो, फाशी दिलेल्यांच्याही गोळा करवतो, आणि अस्थींना माती दिली जाते. आणि मग लिहिलं आहे की त्यानंतर देवाने देशासाठी केलेली विनवणी ऐकली. फाशीच्या वाक्यानंतर हे लिहिलेलं नाही, माती दिल्यानंतर लिहिलं आहे. अनेक वर्षं माझ्या हे ध्यानात आलं नव्हतं.

देवाने नाव घेऊन सांगितलं तेव्हाच दावीदाला कारण कळलं. आपल्याला कोणी तसं सांगितलेलं नाही. मराठवाडा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहे, त्यात पाणी पिणारा ऊस आपण लावत गेलो, बोअर खोल खोल नेली, आणि २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं. यातलं जे माणसाने केलं ते माणसाच्या नावावर मांडावं. देवाच्या नावावर ते घालणं म्हणजे कारखानदारापासून माझ्यापर्यंत सगळ्यांची सुटका करणं आहे.

तुमच्या प्रश्नातली एक गाठ अजून सोडवायची आहे. राष्ट्राचा न्याय झाला की निर्दोष माणूसही त्यात भरडला जातो, हे न्याय्य कसं? जुन्या मंडळीचं उत्तर असं की माणसाला पुनरुत्थान आहे, राष्ट्राला नाही. माणसाचा शेवटचा निवाडा सिंहासनापुढे, एकेकट्याचा. ‘जो जीवात्मा पाप करील तो मरेल’ हे यहेज्केलाच्या अठराव्या अध्यायातलं तत्त्व तिथे पूर्ण चालतं. राष्ट्राचं खातं मात्र याच इतिहासात मिटवावं लागतं, आणि इतिहासात आपण एकमेकांना बांधलेले आहोत. यिर्मया निर्दोष होता, तरी वेढ्यातली भूक त्याने इतरांबरोबर भोगली. त्या भुकेत देव त्याच्यावर रागावलेला नव्हता. मी ज्यांना पुरलं त्यांच्यासाठी मला याहून जास्त लागत नाही.

आणि हे खातं फार सावकाश चालतं. अमोऱ्यांचं पाप अजून पुरतं भरलेलं नाही, असं अब्राहामाला सांगून देव चार पिढ्या थांबला. यहूदाचा राजा मनश्शे याने ५५ वर्षं राज्य केलं आणि यरुशलेम या टोकापासून त्या टोकापर्यंत निर्दोष रक्ताने भरून टाकलं. त्याचा नातू योशीया चांगला निघाला, त्याने देश झाडून-पुसून काढला, तरी दुसऱ्या राजांच्या पुस्तकात लिहिलं आहे की त्या रक्ताची क्षमा करायला देव राजी झाला नाही. इ.स.पू. ५८६ च्या सुमारास शहर पडलं. अश्शूरच्या निनवे नगरीचं उलट झालं. योनाचा संदेश ऐकून राजापासून गुरांपर्यंत सगळ्यांनी गोणपाट नेसलं, आणि देवाने हात मागे घेतला. पुढच्या पिढ्या परत रक्ताकडे वळल्या, नहूमाने तिला रक्तपाती नगरी म्हटलं, आणि इ.स.पू. ६१२ मध्ये निनवे संपलं. म्हणजे न्याय ठरलेला असला तरी तो लांबतो, टळतो, आणि परतूनही येतो. मधला काळ कशासाठी असतो? माझ्या मते, मोजण्यासाठी.

मोजण्यासाठी म्हणजे काय ते अनुवादाच्या एकविसाव्या अध्यायात आहे. माझं सगळं उत्तर खरं तर याच नऊ ओव्यांत आहे.

शेतात एक प्रेत सापडतं. कोणी मारलं, ठाऊक नाही. वडीलधारे आणि न्यायाधीश बाहेर येतात आणि प्रेतापासून आजूबाजूच्या गावांपर्यंतचं अंतर मोजतात. जे गाव सगळ्यात जवळ, त्या गावच्या वडिलांनी जबाबदारी घ्यायची. कधी जुवाला न जुंपलेली कालवड घ्यायची, ज्या खोऱ्यात नांगर लागलेला नाही आणि वाहतं पाणी आहे तिथे न्यायची, तिथे तिची मान मोडायची. मग तिच्यावर हात धुऊन म्हणायचं: आमच्या हातांनी हे रक्त सांडलं नाही, आमच्या डोळ्यांनी ते पाहिलं नाही.

जायकवाडीच्या कालव्यात एकदा एका बाईचं प्रेत अडकलं होतं. मी त्या रस्त्याने एका घरी प्रार्थनेला चाललो होतो. दोन ठाण्यांची माणसं काठावर उभी, आणि वाद चाललेला की हद्द कोणाची. तुमची की आमची? दुपार टळली तरी पंचनामा सुरू झाला नव्हता. शेवटी खुरपणीहून परतणाऱ्या एका म्हातारीने डोक्यावरचा पदर सोडवला, पिशवीतलं जुनं लुगडं काढलं आणि त्या बाईच्या अंगावर टाकलं. आपल्याकडे अंतर मोजतात ते हद्दीबाहेर ठरण्यासाठी. मोशेच्या नियमात मोजतात ते हद्दीत घेण्यासाठी.

ती शपथही पाहा. ‘आमच्या डोळ्यांनी पाहिलं नाही.’ हे वाक्य आपल्या कोर्टांत रोज बोललं जातं. ॲट्रॉसिटीच्या खटल्यांत तर साक्षीदार फितूर होतात ते नेमक्या याच शब्दांत. पाहिलेलं असताना हे म्हणणं म्हणजे येशूला क्रुसावर धाडताना पिलाताने केलेलं हात धुणं. नाबोथाचा मळा राजाला हवा होता, त्या गोष्टीत ईजबेल राणीचं पत्र आलं तेव्हा गावच्या वडिलांनीच दोन खोटे साक्षीदार बसवले. ज्यांनी मोजायचं तेच विकले गेले.

आता मराठवाड्यात टेप धरू या. १९४८ हे वर्ष घ्या. रझाकारांनी काय केलं हे आपल्या घराघरांत माहीत आहे. त्यांचा म्होरक्या कासीम रझवी लातुरातच वकिली करत होता. १७ सप्टेंबरला आपण झेंडा लावतो तो त्या जुलमातून सुटल्याचा, आणि मी तो आनंदाने लावतो. पण हैदराबाद संस्थानावरच्या पोलिस ॲक्शननंतरच्या दिवसांत मुसलमानांची जी कत्तल झाली तिचीही चौकशी पंडित नेहरूंच्या सरकारने सुंदरलाल समितीकडून करून घेतली होती. तिचा अंदाज २७ ते ४० हजार मृत्यूंचा होता, आणि सगळ्यात जास्त झळ बसलेले जिल्हे होते उस्मानाबाद, नांदेड, बीदर आणि गुलबर्गा. तो अहवाल लोकांना बघायला मिळाला २०१३ मध्ये. भूमी दोन्ही रक्तं प्यायली आहे. ती एकाचं ओरडते आणि दुसऱ्याचं गिळून बसते, असं होत नाही.

१९७८ घ्या. २७ जुलैला विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला आणि गावोगाव दलित वस्त्या पेटल्या. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत मातंग समाजातल्या पोचीराम कांबळेंना हालहाल करून मारलं. आमच्या मंडळ्यांतली कितीतरी घरं त्याच समाजातून आलेली आहेत, आणि तरी नामविस्तार होईपर्यंतच्या सुमारे सोळा वर्षांत, १४ जानेवारी १९९४ पर्यंत, माझ्या ऐकण्यातल्या एकाही रविवारच्या प्रार्थनेत पोचीरामांचं नाव घेतलं गेलं नाही. आम्ही म्हणायचो, मंडळी राजकारणात पडत नाही.

आणि बीड. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८०७ मुली होत्या. राज्यात सगळ्यात कमी. राज्याचा आकडा ८९४. गर्भलिंगनिदानावर राज्यात १९८८ मध्ये कायदा झाला, देशात १९९४ मध्ये. कायदा असूनही ही मोजणी आली. कोणी सांगितलं की अमेरिकेत काय चाललंय त्यावर देवाचा कोप होईल, तर मी म्हणतो, आधी बीडचं अंतर मोजा.

मी ते मोजलं आहे, म्हणून सांगतो. एका तांड्याजवळच्या वस्तीवर घरप्रार्थना होती. दिवाळीनंतरचे दिवस, ऊसतोडीचे कोयते निघायच्या बेतात, मुकादमाची उचल घेऊन झालेली. प्रार्थना संपल्यावर एक बाई उठेचना. सगळ्या गेल्यावर म्हणाली, ‘पास्टर, तीनदा पाडलं. तिन्ही पोरीच होत्या. मला त्या रातच्याला दिसतेत.’ तिला सोनोग्राफीला नेणारी तिची सासू आमच्या मंडळीतली पहिल्या रांगेत बसणारी, दर महिन्याला दशांश देणारी बाई. मला संताप आला, आणि तो घेऊन मी घरी निघालो. अर्ध्या वाटेत आठवलं की त्याच घरात, त्याच सासूच्या सांगण्यावरून, मी दोन वेळा हात ठेवून प्रार्थना केली होती: प्रभू, या घराला मुलगा दे. मुलगा झाल्यावर पेढेही खाल्ले होते. टेप धरला तर सगळ्यात जवळचं गाव मी निघालो.

त्या बाईला मी दोष दिला नाही. तिच्या पोटातलं रक्त तिचंही रक्त होतं. हुंडा मागणारे, यंत्र लावणारे, पैसे घेणारे आणि आशीर्वाद देणारे, सगळे त्या खोऱ्यात उभे होते. त्यानंतर मुलगा मागणारी प्रार्थना मी करत नाही. लेकराचं बोलवणं आलं तर लेकरू म्हणतो. आणि ज्या लग्नात हुंडा ठरल्याचं कळतं तिथे आशीर्वाद द्यायला जात नाही. त्यामुळे दोन घरं मंडळी सोडून गेली.

ख्रिस्ती हात स्वच्छ आहेत असं समजू नका. ‘याचं रक्त आमच्यावर आणि आमच्या मुलाबाळांवर असो’ हे मत्तयकृत शुभवर्तमानातलं वाक्य शतकानुशतकं यहुद्यांना मारण्यासाठी वापरलं गेलं. रोमन कॅथलिक मंडळीने येशूच्या मरणाचा दोष सगळ्या यहुद्यांवर टाकणाऱ्या त्या आरोपाला जाहीर नकार दिला तो १९६५ साली. जालियनवाला बागेत १३ एप्रिल १९१९ ला गोळ्या चालवणाऱ्या डायरसाठी ख्रिस्ती म्हणवणाऱ्या देशात २६ हजार पौंडांचा निधी जमला. तिथल्या मंडळीचे तेव्हाचे प्रमुख धर्मगुरू, कँटरबरीचे आर्चबिशप जस्टिन वेल्बी, सप्टेंबर २०१९ मध्ये अमृतसरला आले आणि त्या जागी जमिनीवर पालथे पडले. शंभर वर्षं लागली. पण कोणीतरी मोजलं. जर्मनीच्या प्रोटेस्टंट पुढाऱ्यांनीही ऑक्टोबर १९४५ मध्ये स्टुटगार्टला नाझी काळातल्या दोषाची लेखी कबुली दिली, आणि ती देताना ‘ते’ न म्हणता ‘आम्ही’ म्हटलं. दानीएलाच्या नवव्या अध्यायातली प्रार्थना अशीच आहे. त्याच्या नावावर एकही खून नव्हता, तरी तो म्हणतो, आम्ही पाप केलं.

हे सगळं सहन करता येतं ते इब्री लोकांस पत्रातल्या १२:२४ या ओवीमुळे. येशूचं रक्त हाबेलाच्या रक्तापेक्षा उत्तम बोलतं. हाबेलाचं रक्त न्याय मागतं, आणि त्याने तो मागायलाच हवा. येशूचं रक्तही निर्दोष होतं, सरकारी हुकमाने सांडलेलं, जमावाच्या ओरडीने सांडलेलं. पण ते मारणाऱ्यांसाठी क्षमा मागतं. ती क्षमा कबुलीच्या दारातून मिळते. ज्याचं नाव आपण घेतच नाही त्या रक्ताची क्षमा कशी मागणार?

तुमच्या मंडळीची पुढची उपास-प्रार्थना पावसासाठी असेल तर जरूर बसा. पाऊस मागायला देवाने कधी बंदी घातली नाही. त्या दिवशी अनुवाद २१ वाचायला सांगा, आणि वडिलांना विचारा की आपल्या शिवारात, आपल्या हयातीत, कोणाचं रक्त सांडलं आणि आपण कुठे होतो. वाद होईल. आमच्याकडेही झाला. एकाने सावकारीला कंटाळून कडुलिंबाला लटकलेल्या शेजाऱ्याचं नाव घेतलं, त्याच्या बायकोचा मदतीचा अर्ज अपात्र ठरला होता. दुसऱ्याने सांगितलं की मारहाणीच्या एका खटल्यात मी पाहिलेलं असून पाहिलं नाही म्हणालो. तो पुढे दुसऱ्या खटल्यात खरी साक्ष द्यायला उभा राहिला. बटईचं शेत त्याच्या हातून गेलं. मंडळीने त्याला वर्षभर धान्य पुरवलं, हे मला त्या वर्षातल्या कोणत्याही संदेशापेक्षा मोठं वाटतं.

धाराशिव जिल्ह्यातल्या एका गावात आमच्या मंडळीची एक आजी राहते. १९४८ ला ती आठ-नऊ वर्षांची होती. गावात एक बुजवलेला आड आहे, त्यावर आता बाभळी आहेत. तिच्या घरचं कोणी त्या बाजूला गुरं नेत नसे. मागे एका १७ सप्टेंबरला झेंडावंदन करून मी तिच्याकडे चहाला गेलो, तर ती काठी घेऊन निघाली आणि मला आडापाशी घेऊन गेली. म्हणाली, ‘माझा बाप त्या दिवशी घरातच होता, पास्टर. आतून कडी लावून. आम्हाला कानावर हात ठेवा म्हणला.’ मग तिने आत टाकलेल्यांची नावं सांगितली. शेजारचं पिंजाऱ्याचं घर. मी एकेक नाव घेऊन प्रार्थना केली, ती प्रत्येक नावाला आमेन म्हणत गेली. पाच नावं झाली आणि ती थांबली. बराच वेळ बाभळीकडे बघत राहिली. मग म्हणाली, ‘सहावं आठवंना. त्याला सगळे बाळ्याच म्हणायचे.’

मी बाळ्या म्हणालो, आणि ती आमेन म्हणाली.